उंचीची रेषा : शिरूर अनंतपाळ ते हैदराबाद

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे घरणी नदीच्या खोऱ्यातील आमचे गाव. पूर्वी निलंगा तालुक्यात असलेले हे गाव आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले असले, तरी त्याची प्रकृती लहान बाजारपेठेचीच राहिली आहे. किराणा, कापड, भांडी आणि आडत यांवर चालणारी घरे, तूर-सोयाबीनच्या हंगामाबरोबर वरखाली होणारे भाव, आणि लग्नसराई संपल्यावर पेरणीची धांदल सुरू होण्याआधीचे मोजके मोकळे दिवस. याच दिवसांत मुलांना कुठेतरी न्यावे, असा आग्रह घराघरांत सुरू होतो. आमच्या लहानपणी या आग्रहाचे उत्तर आजोळ हे होते. आजच्या मुलांचे उत्तर वेगळे आहे : वॉटर पार्क, नाहीतर रोलर कोस्टर.

महाराष्ट्रात या हौसेला फार जुना इतिहास नाही. मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले ते १९८९ मध्ये. त्याच्या शेजारचे वॉटर किंगडम १९९८ मध्ये. दोन पिढ्यांच्या आठवणी ज्याच्याशी जोडल्या आहेत ते एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. व्यापारी घराण्याने एवढे मोठे उद्यान चालवायला घ्यावे, याचे आपल्या वाचकांना कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

मात्र शिरूरच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे. उदगीर, बीदर, जहीराबाद असा रस्ता धरला की पहाटे निघालेला माणूस न्याहारीनंतर थोड्याच वेळात हैदराबादच्या वेशीवर पोहोचतो. हा रस्ता आमच्या घराण्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. माल भरायचा तर बेगम बाजार, आणि मोठे काम निघाले तर हैदराबाद. त्या काळी निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया अशी दोन चलने व्यवहारात होती. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असे. एकाच वस्तूला दोन मापे लावण्याची सवय या रस्त्याला तेव्हापासूनची आहे. ती सवय यंदाच्या प्रवासात मला निराळ्याच कारणाने आठवली.

यंदाच्या सुटीत घरातील आणि शेजारच्या घरातील मिळून पाच मुले, त्यांचे आईवडील आणि आम्ही दोघे ज्येष्ठ असे हैदराबादच्या वंडरलाला गेलो. शहराच्या दक्षिणेला, बाह्यवळण रस्त्याजवळ रावीर्याल येथे हे उद्यान २०१६ मध्ये सुरू झाले. मुले सव्वा वर्षापासून अकरा वर्षांपर्यंतची. निघण्यापूर्वी प्रत्येकाची उंची भिंतीला टेकवून मोजली होती : ७८, १०४, ११८, १३६ आणि १४१ सेंटीमीटर. दुकानातली कापड मोजण्याची पट्टी या कामी आली.

खिडकीवर वाकायचे आणि फाटकावर ताठ व्हायचे

एस.टी.च्या आणि रेल्वेच्या अर्ध्या तिकिटाचा आधार वय असतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट. रेल्वेत एप्रिल २०१६ पासून स्वतंत्र बर्थ हवा असेल तर मुलालाही पूर्ण भाडे. कंडक्टरने वय विचारले की आई काय सांगते आणि मूल काय सांगते, यावरचे विनोद आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. मनोरंजन उद्यानांनी हा वाद एका पट्टीने मिटवला. वंडरलाच्या पद्धतीत ८५ सेंटीमीटरच्या आतील मुलाला प्रवेश विनामूल्य, ८५ ते १४० सेंटीमीटरपर्यंत मुलांचे तिकीट आणि त्यापुढे मोठ्या माणसाचे. जन्मदाखला नको, आधार कार्ड नको. आडतीत गाडी काट्यावर चढली की मालकाचे नाव विचारात घेतले जात नाही. धर्मकाटा दाखवील ते वजन. तसेच हे.

आमच्या रांगेत पुढे एक कुटुंब होते. त्यांच्या मुलाची उंची १४०च्या किंचित वर असावी. खिडकीजवळ येताच वडिलांनी त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि गुडघे सैल सोडायला सांगितले. मूल आज्ञाधारक होते. ते थोडे खाली आले, तिकीट मुलाचे मिळाले, आणि काही रुपये वाचले. सकाळ आनंदात गेली असावी.

दुपारी तेच कुटुंब आम्हाला एका मोठ्या, माणसाला उलटे करणाऱ्या राइडच्या फाटकाशी भेटले. अशा राइडला साधारण १३५ ते १४० सेंटीमीटरच्या आसपास किमान उंचीची रेषा असते. येथे वडील मुलाला म्हणत होते, ‘नीट ताठ उभा राहा, मान वर कर.’ त्या मुलाने विचारलेला प्रश्न मी अजून विसरलो नाही : ‘पप्पा, इथे उंच व्हायचं ना?’

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेताना स्टॉक स्टेटमेंटमधील माल फुगतो आणि कर भरताना तोच माल आटतो, हे चित्र माझ्या टेबलावरून अनेकदा गेले आहे. गोदाम एक, पोती तीच. फक्त समोरचा माणूस बदलतो. सगळेच व्यापारी असे करतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट आपल्या समाजात खोटे माप हा चोरीचाच एक प्रकार मानला गेला आहे, आणि श्रावकाच्या अतिचारांत त्याची स्पष्ट नोंद आहे. पण तराजूच्या बाबतीत जपलेली शिस्त मुलाच्या उंचीच्या बाबतीत सैल होते, कारण तो सहलीचा दिवस असतो आणि रक्कम लहान असते.

येथे खरा मुद्दा काही रुपयांचा नाही. एकाच उद्यानात दोन रेषा असतात आणि त्या दिसायला सारख्याच असतात. दोन्ही भिंतीवर रंगवलेल्या, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. पहिली रेषा पैशाची आहे. ती चुकवली तर उद्यानाचे नुकसान होते आणि मुलाच्या मनात एक चुकीचा धडा राहतो. दुसरी रेषा जिवाची आहे. ती चुकवली तर नुकसान मुलाचे होते, आणि ते भरून देण्याची सोय कोणत्याही कंपनीकडे नसते. पहिल्या रेषेशी केलेल्या खेळातून मूल हेच शिकते की रेषा ही वाकवण्याची वस्तू आहे. आणि ते शिकून ते दुसऱ्या रेषेपाशी येते.

ही रेषा आखली कशी जाते

अनेक पालकांना वाटते की किमान उंचीचा नियम म्हणजे उद्यानवाल्यांची अकारण भीती, किंवा विमा कंपनीची अट. वस्तुस्थिती यापेक्षा साधी आणि गंभीर आहे. राइडच्या आसनात माणसाला धरून ठेवणारी दांडी, खांद्यावरून येणारा पट्टा आणि आसनाची खोली ही सर्व एका ठरावीक शरीरमापासाठी बनवलेली असतात. मांडीवर येणारी दांडी मोठ्या माणसाच्या मांडीवर घट्ट बसते. तीच दांडी शेजारी बसलेल्या वडिलांच्या पोटावर अडली, तर मुलाच्या मांडीपर्यंत ती पोहोचतच नाही आणि मध्ये मोकळी जागा राहते. गाडी उतारावरून वेगाने खाली झुकते तेव्हा शरीर क्षणभर आसनावरून उचलले जाते. त्या क्षणी ही मोकळी जागा महत्त्वाची ठरते.

दुसरे कारण शरीररचनेचे. जन्मतः बाळाचे डोके त्याच्या एकूण उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते; प्रौढाचे एक सप्तमांश ते एक अष्टमांश. लहान मुलाचा भार त्यामुळे वरच्या बाजूला अधिक असतो, आणि मानेचे स्नायू त्या मानाने कोवळे असतात. अचानक वळणात किंवा झटक्यात मोठ्या माणसाला जे सहज पेलते, ते मुलाच्या मानेला पेलत नाही. तिसरे कारण समजुतीचे. राइड चालू असताना हात बाहेर काढायचा नाही, उठून उभे राहायचे नाही, घाबरले तरी दांडीतून निसटण्याची धडपड करायची नाही, हे कळणे आणि पाळणे याला एक वय लागते. गर्दीत प्रत्येकाचे वय तपासणे शक्य नाही. उंची मात्र एका काठीने दोन क्षणांत मोजता येते. म्हणून उंची ही शरीराच्या आणि समजुतीच्या तयारीची सोयीस्कर खूण ठरली.

यामागे लिखित मानके आहेत. अमेरिकेतील ए.एस.टी.एम. या संस्थेची मनोरंजन साधनांविषयीची समिती १९७८ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने आय.एस. १५४७५ ही मनोरंजन राइडच्या सुरक्षिततेची संहिता तयार केली आहे. प्रत्येक राइडची रेषा तिचा निर्माता ठरवतो, त्यामुळे एकाच उद्यानात दहा राइडना निरनिराळ्या रेषा दिसतात. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात स्पेस माउंटन या अंधारातील गाडीला ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटीमीटर उंची लागते. पाय अधांतरी ठेवून माणसाला उलटे करणाऱ्या मोठ्या रोलर कोस्टरना जगभर ५४ इंच, म्हणजे सुमारे १३७ सेंटीमीटर ही प्रचलित रेषा आहे. लहान मुलांच्या काही पाळण्यांना उलट कमाल उंचीची मर्यादा असते. त्यात मोठ्यांनी बसायचे नसते.

रेषा फक्त खालच्याच बाजूची असते असेही नाही. २४ मार्च २०२२ रोजी फ्लोरिडातील ऑर्लँडो शहरात एका उंच मनोऱ्यावरून खाली येणाऱ्या राइडमधून १४ वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. तो उंच आणि धिप्पाड होता. त्याचे वजन निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक होते. चौकशीत असे निघाले की त्याच्या आसनाचा पट्टा नेहमीपेक्षा अधिक उघडा राहिला तरी यंत्र चालावे, यासाठी आसनाच्या संवेदकात हाताने फेरबदल केलेला होता. म्हणजे तेथे मूल वाकले नव्हते. माप वाकवले गेले होते. परिणाम तोच झाला.

धाकटी बहीण पुढे, थोरला भाऊ मागे

आता आमच्या पाच मुलांकडे येतो. १४१ सेंटीमीटरची आमची नात दहा वर्षांची. १३६ सेंटीमीटरचा तिचा भाऊ अकरा वर्षांचा. खिडकीवर नातीचे तिकीट मोठ्यांचे झाले आणि नातवाचे मुलांचे. फाटकावर नात आत गेली आणि नातू बाहेर राहिला. घरात सर्व गोष्टींत थोरला म्हणून पुढे असणारा मुलगा पाच सेंटीमीटरने धाकट्या बहिणीच्या मागे पडला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बघून सूनबाईंना काय बोलावे सुचेना.

यात अपवादात्मक असे काही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ११० सेंटीमीटर असते आणि सात वर्षांच्या मुलाची सुमारे १२२. दहाव्या वर्षी मुलगा सुमारे १३८ आणि मुलगी सुमारे १३९. अकराव्या वर्षी मुलगा १४३ आणि मुलगी १४५. बाराव्या वर्षी मुलगा १४९ आणि मुलगी १५१. दहा ते बारा या वयात मुलींची वाढ आधी वेग घेते, मुलांची नंतर. म्हणून मनोरंजन उद्यानाच्या फाटकावर बहीण आत आणि भाऊ बाहेर हे दृश्य वारंवार घडते. आईवडिलांना ते आधी माहीत असेल, तर मुलालाही आधी सांगता येते.

दुसरी एक बाब सांगणे आवश्यक वाटते. वरचे आकडे चांगले पोषण मिळालेल्या मुलांचे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. आपल्या दुकानात कामाला येणाऱ्या माणसाचे मूल आणि आपले मूल एकाच वर्गात असले, तरी एकाच रेषेवर असतीलच असे नाही. आमच्या बरोबरच्या पाच मुलांत एक मूल शेजारच्या घरातील होते. त्याचे वडील आमच्याकडे अनेक वर्षे हमाली करतात. ते नऊ वर्षांचे, उंची ११८. नऊ वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे १३३ असते. चार-पाच राइडच्या फाटकावरून ते परत आले. प्रत्येक वेळी त्याने काठीखालून मान खाली घालून मागे येताना एकही शब्द काढला नाही. फाटकावरच्या तरुणाने प्रत्येक वेळी सौजन्याने त्याला जवळचा लहान पाळणा दाखवला, पण तेथे त्याच्याहून चार वर्षांनी लहान मुले बसलेली होती.

काठी न्याय करते, पण तिला वय आणि मन दिसत नाही. ते बघण्याचे काम बरोबर आलेल्या मोठ्यांचे. त्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी एक गोष्ट चांगली केली. दुपारनंतर त्यांनी सर्व मुलांना पाण्याच्या लाटांच्या तलावाकडे नेले. तेथे पाण्याच्या काठाशी थोरला, धाकटा, उंच, ठेंगणा अशी वर्गवारी नव्हती. नऊ वर्षांचा तो मुलगा सर्वांत शेवटी पाण्याबाहेर आला.

निघण्यापूर्वीची तयारी

आपल्यापैकी अनेक कुटुंबे दोन-तीन घरे मिळून सहलीला जातात. मुलांची संख्या आठ-दहापर्यंत जाते. अशा वेळी पुढील काही गोष्टी उपयोगी पडतील, असे अनुभवावरून सांगावेसे वाटते.

पहिली, मुलांची उंची घरी मोजावी, आणि ती अनवाणी मोजावी. टाचा, पाठ आणि डोके भिंतीला टेकलेले, नजर समोर, आणि डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून भिंतीवर खूण. जाड तळव्याचे बूट, उंच बांधलेले केस यांनी वाढलेली उंची फाटकावर ग्राह्य धरली जात नाही, आणि धरली जाऊही नये. दिवसभराच्या चालण्याने मणक्यांमधील गाद्या किंचित दबतात; सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीत काही मिलिमीटरपासून सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत फरक पडतो. रेषेच्या अगदी काठावर असलेल्या मुलाची सकाळी एका फाटकावर गेलेली उंची संध्याकाळी दुसऱ्या फाटकावर जाईलच असे नाही. यात फाटकावरच्या माणसाशी वाद घालण्यासारखे काही नसते.

दुसरी, तिकीट काढण्यापूर्वी उद्यानाच्या राइडची यादी आणि प्रत्येकीची किमान उंची पाहून ठेवावी. उद्याने ती प्रसिद्ध करतात. मुलांची नावे एका बाजूला आणि राइड दुसऱ्या बाजूला मांडून छोटासा तक्ता करावा. खतावणी लिहिणाऱ्या घराला हे काम पाच मिनिटांचे आहे. कोण कशात बसू शकते हे कागदावर आले, की उद्यानात रडारड उरत नाही. शंभर सेंटीमीटरच्या मुलासाठी दिवसभरात तीन-चारच राइड निघत असतील, तर त्याला नेण्याचे वर्ष कदाचित पुढचे असावे, हा निर्णयही घरीच घेता येतो.

तिसरी, मोठ्यांनी आळीपाळीने बसावे. पाश्चात्त्य उद्यानांत ही पद्धत रुळलेली आहे : आई राइडवर जाते तेव्हा वडील लहान मुलाबरोबर थांबतात, मग ते जातात आणि आई थांबते, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही सोय तेथे आहे का, हे फाटकावर विचारावे. नसली तरी आळीपाळी आपण आपली ठेवावी. आपल्या घरांत बहुधा आजी किंवा मोठी काकूच लहान मुलांना धरून दिवसभर बाकावर बसते आणि संध्याकाळी ‘मला काय करायचंय राइडचं’ असे म्हणते. तिच्यासाठीही एखादी संथ नाव किंवा छोटी आगगाडी राखून ठेवावी. या वेळी सौ. तशा नावेत बसल्या आणि दोन फेऱ्या करून आल्या.

चौथी, मुलाला कारण सांगावे. ‘तू लहान आहेस’ असे म्हटले की त्याला तो अपमान वाटतो. ‘ही दांडी तुझ्या मांडीपर्यंत येत नाही, म्हणून ती तुला धरून ठेवू शकत नाही’ असे म्हटले की त्याला ते पटते. आमच्या नातवाला मी फाटकाबाहेर उभे राहून समोरच्या आसनावरच्या दांड्या कशा बसतात ते बघायला सांगितले. त्याने दोन फेऱ्या बारकाईने पाहिल्या आणि मग स्वतःच म्हणाला, ‘आजोबा, माझ्या इथं पोकळी राहील.’ त्यानंतर त्याने त्या राइडचा विषय काढला नाही.

आपल्या जत्रेत रेषा कोण आखणार

हैदराबाद, खोपोली या ठिकाणी रेषा आखणारी माणसे आहेत. त्यांचे उपकरण आहे, त्यांचा गणवेश आहे, आणि नकार देण्याचे त्यांना वेतन मिळते. शिरूरची मुले वर्षातून एकदा तेथे जातील किंवा जाणार नाहीत. पण लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेला महाशिवरात्रीच्या सुमारास ती हमखास जातात. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्षातील त्या यात्रेत घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार बघायला आमच्याकडची माणसे मुलाबाळांसह जातात. तेथे आकाशपाळणा असतो, ब्रेकडान्स असतो, टोराटोरा असतो, ड्रॅगनची गाडी असते, मोठी झुलती नाव असते. ही यंत्रे एका यात्रेतून सुटून ट्रकवर चढतात आणि दुसऱ्या यात्रेत पुन्हा जोडली जातात. अनेक पाळण्यांच्या फाटकावर उंचीची काठी नसते. पाळणेवाला मुलाकडे नजर टाकतो, पालकांकडे बघतो आणि तिकीट फाडतो. माळेगावच्या बाजारात घोड्याची उंची मोजून भाव ठरतो. शेजारच्या पाळण्यात मात्र मूल न मोजता बसवले जाते.

यंत्रातील दोष पालकांच्या हाती नाही, हे खरे आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात मोठा झुलता पाळणा मोडून पडला आणि दोघांचा मृत्यू झाला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीच्या मेळ्यात वरून खाली येणारा पाळणा कोसळला आणि अनेक माणसे जखमी झाली. असे अपघात टाळण्याची जबाबदारी चालकाची आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेची आहे, आणि यात्रा समितीवर असलेल्या आपल्यातील प्रतिष्ठित मंडळींनी तपासणीचा दाखला मागितल्याशिवाय पाळणा सुरू होऊ देऊ नये. पण मुलाला त्या यंत्राच्या दांडीत बसवायचे की नाही, हा निर्णय त्या क्षणी पूर्णपणे आईवडिलांचा असतो. तेथे दुसरा कोणी नकार देणारा नसतो.

म्हणून यात्रेतील रेषा आपणच घरून घेऊन जावी. मुलाला आसनात बसवून दांडी लावून पाहावी आणि दांडी व मांडी यांच्यामध्ये पोकळी राहते का ते बघावे. पोकळी राहत असेल तर उतरवावे, तिकीट वाया गेले तरी उतरवावे. मोठ्या माणसाच्या शेजारी बसवले म्हणजे मूल सुरक्षित झाले, हा समज काढून टाकावा. वडिलांच्या पोटावर अडलेली दांडी मुलाला धरत नाही. उघड्या पाळण्यात मुलाला मांडीवर घेऊन बसू नये. फिरत्या खुर्चीला साखळी असेल तर तिची कडी आपल्या हाताने लावून, ओढून पाहावी. पाळणेवाला घाई करील, मागची रांग ओरडेल; त्यांना थांबू द्यावे.

यात्रा समितीला एक साधी सूचना करता येईल. लाकडाची एक उभी पट्टी, तिच्यावर ९०, १०५, १२० आणि १३५ सेंटीमीटरच्या ठळक रेषा. प्रत्येक पाळण्यासमोर अशी एक. कोणत्या पाळण्याला कोणती रेषा लागू, हे चालकाने निर्मात्याच्या पत्रकावरून लिहून द्यावे. एका पट्टीचा खर्च एखाद्या कापड दुकानातील दिवसाच्या चहापाण्याइतकाही होणार नाही. यात्रेतील पाणपोई आणि अन्नछत्र आपल्या समाजातील घरे आवर्जून चालवतात. त्याच यादीत ही पट्टीही घ्यावी. शिरूरमधील दोन-तीन दुकानदारांशी मी याविषयी बोललो आहे. लाकूड देण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. रंगकाम करणारा माणूस मिळाला, की येत्या महाशिवरात्रीपूर्वी पहिल्या पट्ट्या तयार होतील.